डाव्या पेटीचं रिकनेक्शन

जगातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. झालेली गोष्ट न झालेली करणं मात्र देवालाही जमलेलं नाही. हे वाक्य मी वर्तमानपत्रात सदर लिहीत होतो तेव्हा थोडे शब्द इकडचे तिकडे करून निदान पाच-सहा वेळा छापून आणलं. प्रत्येक वेळी वाचकांची पत्रं आली, एका बाईंनी ते म्हणे फ्रेम करून लावलं. परवा लोणावळ्याला, भांगरवाडीतल्या एका पत्र्याच्या डब्यात, हेच वाक्य मला परत भेटलं. त्यात चार स्क्रू बांधून ठेवले होते.

डबा विठ्ठल दळवीचा. विठ्ठल आणि मी तळेगावच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी लोकांना हसवायला पुण्याला गेलो आणि तो गाड्या थांबवायला घाटात गेला. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता तो. आम्हा दोघांपैकी लोकांनी त्याचंच जास्त ऐकलं. स्क्रू, वॉशर, तारेचे तुकडे, जे जे सुटं होईल ते तो माझ्या सदराच्या कात्रणात गुंडाळून ठेवायचा. मी एकदा विचारलं, माझ्यावरच का एवढी मेहेरनजर? म्हणाला, "तुझा कागद बरा पडतो. पुडी बांधताना मजकूर वाचत बसावंसं वाटत नाही."

विठ्ठलकडे दोन स्पीकर होते. स्पीकर म्हणजे हल्ली कपाटावर ठेवतात ते टोमॅटोएवढे नव्हेत. खंडाळ्यातल्या एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा त्याने ते टेम्पोत घालून आणले होते. विलायती, सागवानी रंगाचे, कमरेएवढे उंच. घरात त्यांना पेट्या म्हणत. डावी पेटी आणि उजवी पेटी. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा धान्य ठेवायची कपाटं समजून दार शोधत होतो.

त्या पेट्यांवर विठ्ठल आयुष्यभर काही ना काही करत राहिला. पण त्याचा एक नेम होता. पेटीला नवं भोक पाडायचं नाही, मूळची तार कापायची नाही, मूळचा एकही तुकडा फेकायचा नाही. जे बदलायचं ते असं बदलायचं की उद्या नको वाटलं तर सगळं होतं तसं करता यावं. आणि नको वाटलं की नाही, हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. तो अनघावहिनींकडे होता.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण अशी पद्धत असलेलं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

रेल्वेत म्हणे सिग्नलचं काम कुणी मनाला येईल तेव्हा उघडून बसत नाही. आधी स्टेशन मास्तरला सांगायचं, की मी हा सिग्नल कामासाठी सोडवून घेतोय. याला डिसकनेक्शन म्हणतात. मास्तर हो म्हणाला की तेवढा वेळ तो सिग्नल नाहीच असं धरून चालायचं. काम झालं की परत मास्तरला सांगायचं, रिकनेक्शन देतोय, तपासून घ्या. मास्तर तपासणार, "मिळालं" म्हणणार, मग तो सिग्नल पुन्हा जिवंत. मधल्या काळात त्याच्या भरवशावर एकही गाडी सोडायची नाही. विठ्ठलने हा सगळा कारभार जसाच्या तसा घरी आणला होता. स्टेशन मास्तर वहिनी. लोणावळ्यातल्याच एका शाळेत त्या मराठी शिकवत, त्यामुळे मास्तर तर त्या होत्याच.

"अनघा, डावी पेटी डिसकनेक्शन घेतोय."

"कशासाठी?"

"पायाखाली टोकदार खिळे बसवायचेत. आवाज सुटा होतो म्हणतात."

"जेवणाआधी होईल?"

"होईल."

"घ्या."

मग काम चालायचं. वहिनी टॉर्च धरायच्या. झालं की हा ताठ उभा राहायचा आणि एरवी बायकोला अगं-तूगं करणारा माणूस तेवढ्यापुरता एकदम सरकारी व्हायचा. "रिकनेक्शन देतोय. तपासून घ्या." वहिनी त्यांच्या खुर्चीत बसून एक तबकडी ऐकायच्या. आवडलं तर म्हणायच्या, "मिळालं." नाही तर म्हणायच्या, "मिळालं नाही. खरखरीत झालाय." आणि विठ्ठल कुरकुर न करता खिळे काढून जुने रबरी पाय लावायला बसायचा. एका शब्दाने हुज्जत नाही. केलेलं नापसंत पडलं तर जसंच्या तसं मागे घेणारा नवरा मी त्या एकाच घरात पाहिला, आणि माझ्या घरात ही बातमी पोचू नये म्हणून आयुष्यभर काळजी घेतली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये विठ्ठलने शेवटचं डिसकनेक्शन घेतलं. पेटीच्या पोटात एक लहानशी पाटी असते. गाण्यातला जाड आवाज खालच्या मोठ्या भोंग्याकडे आणि बारीक आवाज वरच्या लहान भोंग्याकडे पाठवायचं काम ती करते. तो तिला केबिन म्हणायचा, रुळांचे सांधे बदलते तशी. त्या पाटीवरचे कपॅसिटर पन्नास वर्षांत सुकले होते, त्यामुळे बारीक आवाज वरपर्यंत नीट पोचत नव्हता. त्याने दोन्ही पेट्यांसाठी नवे मागवले. संध्याकाळपर्यंत डाव्या पेटीतले बदलून झाले. भोंगा अजून बसवायचा होता. "बाकीचं आणि उजवी उद्या," म्हणाला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेला, येताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर टेकला, आणि उठला नाही. दुधाची पिशवी मांडीवर तशीच होती, असं दुकानदार सांगत होता. सांडली नाही, हेही त्याने दोनदा सांगितलं.

त्यानंतर सव्वा वर्षाने वहिनींचा फोन आला.

"भावजी, रिकनेक्शन राहिलंय."

मला पहिल्यांदा वाटलं विजेच्या मीटरचं काही असेल.

"डाव्या पेटीचं," त्या म्हणाल्या. "मी दिलेलं डिसकनेक्शन अजून उघडंच आहे. तेव्हापासून घरात काही लावलेलं नाही मी. आमच्या सुषमाने एवढासा स्पीकर पाठवला बंगळुरूहून, लेकीची काळजी म्हणून, तोही खोक्यातच आहे. नियम म्हणजे नियम. पण आता मे संपत आला. एक पावसाळा पेटीने प्लास्टिक पांघरून काढला. दुसरा नाही निघायचा. भोंग्याच्या कागदाला बुरशी धरायला लागलीय."

"वहिनी, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"माहीत आहे. ते म्हणायचेच."

हल्ली मी परत तळेगावातच राहतो, तिथून लोकलने निघालो. कान्हे गेलं, कामशेत गेलं. डब्यात मी आणि एक टोपलीवाल्या मावशी. मधला वार होता, त्यामुळे लोणावळ्यात मुंबईच्या मोटारी नव्हत्या आणि चिक्कीची दुकानं आपापसात गप्पा मारत होती.

दार विठाबाईने उघडलं. विठाबाई वरच्या वाडीतली. बरीच वर्षं वहिनींकडे केरफरशीला येते. मला आत घेण्याआधीच तिने तक्रार नोंदवली.

"आबा, तुमी तरी सांगा ताईस्नी. सायेब गेल्यापास्नं ती पेटी मधी आडवी पडलीया. मी वळसा घालून फरशी पुसतीया. एक डाव म्हनलं भिंतीला सरकवू का, तर ह्या म्हनल्या हात लावशील तर बघ. आता सपनातबी वळसा घालून जाती मी."

"विठाबाई, चहा टाक," आतून वहिनी म्हणाल्या.

पेटी सतरंजीवर उताणी होती. मोठ्या भोंग्याच्या जागी वाटोळं भगदाड. भोंगा शेजारी, जुन्या साडीत गुंडाळलेला. निळं प्लास्टिक घडी करून ठेवलेलं. आणि तो पत्र्याचा डबा. मी डबा उघडला आणि तिथेच माझं ते थोर वाक्य भेटलं. वाचलं, स्क्रू परत त्यातच बांधले.

"आधी हे सांगा," मी म्हणालो, "करायचं काय नेमकं? डावीत नवे आहेत, उजवीत जुने. उजवीतही नवे बसवून टाकायचे, की?"

"ते ऐकल्याशिवाय कसं सांगू? टेस्टिंगपुरता भोंगा लावा. टेस्टिंग चालतं."

भोंगा लावायला आम्हाला दुपार लागली. डावी पेटी उभी केली. वहिनींनी तोडीची एक जुनी तबकडी काढली, पदराने पुसली आणि बॅलन्सचं बटण आधी पार उजवीकडे फिरवलं. म्हणजे फक्त जुनी पेटी.

आवाज आला तो ओळखीचा. गोधडीच्या आतून कुणी गावं तसा. मऊ, थोडा झोपाळलेला. त्या घरात मी वर्षानुवर्षं जो ऐकत, खरं तर ज्याच्याकडे दुर्लक्ष करत, पोहे खाल्ले, तोच.

मग त्यांनी बटण डावीकडे फिरवलं.

माझे कान हे मी आयुष्यभर मुख्यतः चष्मा अडकवायला वापरले. पण मलाही कळलं. बाईंनी गाण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. तानपुऱ्याच्या तारा एकमेकींपासून सुट्या झाल्या. मागे कुणीतरी हलकेच खाकरलं, ते इतकी वर्षं त्या तबकडीत होतं आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

विठ्ठल जिंकला होता. दर वेळी हा माणूस "फरक कळतोय का" म्हणून मागे लागायचा. या वेळी खरोखर फरक होता, आणि विचारायला तो नव्हता.

वहिनींनी सुई उचलली.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "फार चांगला केलाय."

"झालं तर मग. उजवीतही बसवू. आणलेलेच आहेत त्याने."

"नको. डावीतले काढू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वहिनी, आता म्हणालात ना चांगला आहे?"

"आहेच. पण माझ्या ओळखीचा नाही. भावजी, आम्ही दोघांनी या खोलीत बसून जे काही ऐकलं ना, ते सगळं त्या उजवीच्या आवाजात ऐकलं. भांडून बसलो ते, सुषमाचा रिझल्ट लागला ते, त्यांची मुंबईला बदली होता होता टळली ते. या नव्या आवाजात आम्ही एक ओळसुद्धा बरोबर ऐकलेली नाही. हा माझा एकटीचा आवाज होईल. मला तो नकोय."

"पण हे त्याच्या हातचं शेवटचं काम आहे."

"मला सांगता? टॉर्च कुणी धरला होता?"

"मग तर ठेवायलाच हवं," म्हणालो. "तो गेला, निदान काम तरी राहू द्या की त्याचं."

"त्यांनी मला शब्द दिलाय," वहिनी म्हणाल्या. शांतपणे, वर्गात फळा पुसत बोलावं तसं. "नको वाटलं तर होतं तसं करून देईन, असा. दर वेळी द्यायचे आणि दर वेळी पाळायचे. आता मला नको वाटलंय. करून द्यायला ते नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमचं मत विचारायला नाही बोलावलं."

चहाचे कप न्यायला आलेली विठाबाई दारातच थबकली. "ग्वाड आवाज हुता की तो," ती म्हणाली. "डाव्या अंगाचा."

"तू जा गं."

त्या दिवशी मी फणकाऱ्याने परत आलो. लोकलमध्ये मनातल्या मनात वहिनींना बरंच सुनावलं, त्यातली दोन-तीन वाक्यं छापण्यासारखी होती. मळवली येईपर्यंत राग पुरला. पुढे तो संपला आणि खाली काय आहे ते दिसलं. विठ्ठलकडे माझं अर्धं लिखाण होतं, स्क्रूभोवती का होईना. माझ्याकडे त्याच्या हातचं काहीच नव्हतं. मला ते पेटीत राहायला हवं होतं, म्हणजे मी अधूनमधून जाऊन ऐकलं असतं. वहिनींच्या घरात, वहिनींच्या खर्चाने, मला माझा मित्र ठेवून घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो. वहिनींनी सतरंजी अंथरून ठेवली होती, टॉर्चमध्ये नवे सेल घातले होते.

"याल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मलाही."

पेटी पुन्हा उताणी केली, भोंगा काढला, ती केबिन बाहेर ओढली. सोल्डरिंग आयर्न तापल्यावर मी ते पुरुषार्थाने हातात घेतलं, चुकीच्या टोकाला. बोट नळाखाली धरून परत येतो तो वहिनी चष्मा लावून बसलेल्या आणि आयर्न त्यांच्या हातात.

"टॉर्च धरा. असा नाही. माझ्या हातावर कशाला मारताय? माझा हात मला माहीत आहे. पाटीवर मारा."

टॉर्च धरणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. करणाऱ्याला जे बघायचं असतं ते त्याच्या आधी क्षणभर आपल्याला कळावं लागतं. वहिनींनी ते संसारभर केलं होतं. मला पाच मिनिटांत घाम फुटला.

पाटीवर विठ्ठलने केलेले सांधे होते. गोल, चकचकीत, एकसारखे, ज्वारीच्या दाण्यांसारखे. वहिनींनी आयर्न पहिल्या सांध्याजवळ नेलं आणि तसंच धरलं.

"वहिनी, आपण थांबू शकतो."

"टॉर्च हलतोय तुमचा."

टोक टेकलं. क्षणभर काही झालं नाही. मग तो दाणा हळूच ओलसर झाला, पाण्यासारखा चमकला आणि सुटला. एवढासा धूर निघाला, राळेचा वास आला. विठ्ठलच्या शर्टांना यायचा तो. तार मोकळी झाली. नवा कपॅसिटर अख्खा होता, जुना पुडीत अख्खा होता, पाटीला ओरखडा नव्हता. सगळं परत करता येण्यासारखं होतं. फक्त तो थेंब नव्हता. तसे थेंब परत कसे लावायचे ते त्याने कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

वहिनी बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पुढच्या सांध्याकडे वळल्या. त्यानंतर त्यांचा हात थांबला नाही.

सतरंजीवर पडलेला एक थेंब गार झाल्यावर मी हळूच उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"शिसं आहे ते," मान वर न करता वहिनी म्हणाल्या. "जेवायच्या आधी हात धुवा."

जुने कपॅसिटर पुडीतून निघाले. पुडीवर विठ्ठलच्या अक्षरात "डावी, वरचा" असं होतं. वहिनींनी कात्रण उलटंसुलटं करून पाहिलं. महापालिकेवर लिहिलेलं काहीतरी होतं.

"हे तुम्ही लिहिलं होतं?"

"हो."

"आता वाचलं पहिल्यांदा. बरं होतं." आणि त्यांनी नवे कपॅसिटर त्याच कात्रणात बांधून, त्याच डब्यात ठेवले. "उद्या कुणाला वाटलंच तर बसवता येतील."

त्यांनी जुने डकवले. वहिनींचे सांधे विठ्ठलच्या सांध्यांसारखे नव्हते. ओबडधोबड, डाळीच्या वड्यांसारखे, पण पक्के. भोंग्याच्या तारा जोडायचं काम मला दिलं, कारण त्यात भाजण्यासारखं काही नव्हतं. स्क्रू आवळले. पेटी उभी करून जागेवर नेली, विठाबाईने तिसरा हात लावला आणि मोकळ्या झालेल्या फरशीकडे असं पाहिलं की जणू तिला जमीन मिळाली.

तबकडी लागली. तीच तोडी, आता दोन्ही पेट्यांतून.

आणि काहीतरी चुकलं. आवाज जुनाच होता, गोधडीतला. पण बाई कुठे गात होत्या ते कळेना. आवाज भिंतींतून येत होता, खिडकीतून येत होता, माझ्या पाठीमागून येत होता. समोर, दोन पेट्यांच्या मध्ये, जिथे गाणारं माणूस बसायचं तिथे कुणी नव्हतं. खालचा तबला तर पार विरघळून गेला होता.

"माणूस नाही," वहिनी म्हणाल्या. "गाणं आहे, पण माणूस नाही."

असे प्रसंग मी लिहिले आहेत, त्यात काय बोलतात ते मला माहीत आहे. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेलो. म्हणालो, "वहिनी, पेटी पूर्ववत होते, आवाज पूर्ववत होतो. पण ऐकणाऱ्याच्या शेजारची जागा एकदा रिकामी झाली, की मग जगातलं कुठलंही गाणं..."

"लाल-काळी उलटी लावलीत तुम्ही."

"काय?"

"तारा. डावीच्या भोंग्याच्या. एक पेटी ढकलतेय आणि दुसरी ओढतेय, म्हणून मधला माणूस जातो. ते एकदा असंच करून बसले होते. काढा स्क्रू."

मी स्क्रू काढले. उरलेलं वाक्य आवश्यक नव्हतं.

तारा सुलट करून पुन्हा तबकडी लावली, आणि बाई समोर येऊन बसल्या. मधोमध. तबला त्यांच्या खाली, जिथे असायचा तिथे. विठाबाई दारात उकिडवी बसून हातातल्या फडक्याशी चाळा करत ऐकत होती.

"असं हाय व्हय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मला वाटलं येवढ्या मोट्या पेट्या, काय तरी दणका आसंल." अजून थोडं ऐकून ती पुढच्या घरच्या कामाला निघून गेली.

"म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

मी ताठ उभा राहिलो. सदर लिहीत होतो तेव्हा मी हॉलभर माणसांसमोर बोललो आहे, जीभ कधी अडखळली नाही. "वहिनी, ते रिकनेक्शन..."

"नीट म्हणा."

"रिकनेक्शन देतोय. तपासून घ्या."

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटले. दोन पेट्या, त्यांची खुर्ची, आणि शेजारची वेताची खुर्ची जिच्यात मी बसलो नाही. बाजू संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. सुई शेवटच्या रेघेत जाऊन खट् खट् करायला लागली तरी उठल्या नाहीत, म्हणून मीच ती उचलली.

"तोच आहे," त्या म्हणाल्या. "अगदी तोच आहे."

"मग?"

"मला वाटलं होतं, आवाज तोच झाला की..." त्यांनी चष्मा काढला, काच पुसली, परत घातला. "मी मिळालं म्हटलं की ते चहा टाकायला उठायचे. म्हणून मी मुद्दाम वेळ लावायची. तबकडी संपली तरी बोलायची नाही. ते आपले उभे."

मीही उभाच होतो. चहा टाकू का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं, आणि मी ते गिळलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मी योग्य जागी गप्प बसलो आहे, ती एक.

बाहेर स्टेशनच्या बाजूला एक मालगाडी घाटासाठी जादा इंजिन लागायची वाट बघत उभी असावी. तिचा दम टाकल्यासारखा आवाज येत होता. वहिनी तो ऐकत होत्या की काय कोण जाणे.

"सिग्नलचं काम बरोबर झालंय, भावजी," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडी यायची नाही, तो काही सिग्नलचा दोष नाही." आणि मग, रिकाम्या खुर्चीकडे न बघता, अगदी बारीक आवाजात: "मिळालं."

त्यानंतर त्या रडल्या. सव्वा वर्षात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, हात मांडीवर ठेवून, बराच वेळ. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावर कुठल्याशा खताची जाहिरात होती. ती मी चार वेळा वाचली, अजून पाठ आहे.

मग खालच्या गल्लीत घंटागाडी आली. तिच्या टपावरचा पत्र्याचा कर्णा स्वच्छतेचं गाणं घेऊन असा किंचाळला की दोन्ही पेट्यांच्या काळ्या जाळ्या थरथरल्यासारख्या वाटल्या. वहिनींनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, खिडकीतून खाली पाहिलं.

"भावजी, तुम्ही खाली जाताच आहात, तर ओल्या कचऱ्याची बादली तेवढी गाडीत रिकामी करा," त्या म्हणाल्या. "आणि बादली परत आणून द्या. मागची तशीच गाडीतून गेली."